वहीचं मागचं पान

आमच्याकडे 'रेफर' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सही न येणाऱ्या म्हातारीलाही तो येतो. "काय म्हने डाक्टर?" "रेफर केलं." झालं, एवढ्यावर घर कामाला लागतं. एक जण पैशांसाठी बाहेर पडतो, एक जण गाडी पाहायला जातो, घरातली बाई पिशवीत चादर, तांब्या आणि एक जास्तीचं लुगडं कोंबते. किती दिवस लागतील हे कुणी विचारत नाही.

तालुक्याच्या बसस्टँडसमोर माझं मेडिकल आहे, १९९१ पासून. डी. फार्मसी केली, ड्रग लायसन काढलं आणि बसलो तो बसलोच. चिठ्ठी हातात आली की औषधाआधी मला सही दिसते. रेफरच्या चिठ्ठीवर मात्र औषधच नसतं. 'पुढील उपचारार्थ संदर्भित', खाली वेळ, त्याखाली शिक्का. तरी लोक ती घेऊन आधी माझ्या काउंटरवर येतात. डॉक्टरनं कागद दिला म्हणजे तो मेडिकलात दाखवायचा, अशी सवय पडलेली. मी वाचतो, परत देतो, पाचशेची मोड देतो. माझ्याकडून होण्यासारखं तेवढंच.

हे सगळं पुन्हा डोक्यात यायला कारण झाली माझी भाची. सेवाग्रामला नर्सिंग शिकली, आता इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या बाजूला एका दवाखान्यात आहे. आठवड्यातून एकदा रात्री तिचा फोन येतो. मागच्या उन्हाळ्यात म्हणाली, "मामा, आपल्या डॉक्टरांची गोष्ट इथं खरी झालेली आहे. इथला एक डॉक्टर दवाखान्यासाठी अपक्ष उभा राहिला आणि चक्क खासदार झाला."

मी म्हटलं, "डिपॉझिट वाचलं का त्याचं?"

"अहो मामा, निवडून आला म्हणते ना मी!"

गावाचं नाव किडरमिन्स्टर. बर्मिंगहॅमच्या नैऋत्येला, गालिच्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. आमच्याकडच्या जिनिंग-प्रेसिंगसारखी तिथल्या कारखान्यांनाही उतरती कळा लागलेली. डॉक्टर रिचर्ड टेलर. जन्म १९३४ चा, शिक्षण केंब्रिजला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर मेडिकल स्कूलमध्ये. १९७२ पासून १९९५ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षं, ते किडरमिन्स्टरच्या सरकारी दवाखान्यात फिजिशियन होते. संधिवाताचे तज्ज्ञ. निवृत्त झाले आणि दोन-तीन वर्षांतच सरकारनं योजना आणली: वूस्टर या मोठ्या गावी नवं इस्पितळ बांधायचं, आणि किडरमिन्स्टरच्या दवाखान्यातली कॅज्युअल्टी आणि भरतीच्या खाटा बंद करायच्या. नवी इमारत खाजगी कंपनीनं उभी करायची आणि सरकारनं वर्षानुवर्षं तिचे पैसे फेडत राहायचे, असा तो व्यवहार. लोक रस्त्यावर आले. बचाव समिती झाली, तिचे अध्यक्ष हे निवृत्त डॉक्टर. मोर्चे झाले, अर्ज-विनंत्या झाल्या. तरी सप्टेंबर २००० मध्ये कॅज्युअल्टी बंद झालीच.

मग ७ जून २००१ ची निवडणूक. टोनी ब्लेअर यांची लाट, त्यांचा पक्ष चारशेच्या वर जागा घेऊन पुन्हा सत्तेवर. आणि त्याच रात्री किडरमिन्स्टर ज्यात येतं त्या वायर फॉरेस्ट मतदारसंघात त्याच पक्षाचे, कायदा खात्यात कनिष्ठ मंत्री असलेले डेव्हिड लॉक पडले. टेलर यांना २८,४८७ मतं, लॉक यांना १०,८५७. आघाडी १७,६३० ची. ६५९ जणांच्या त्या सभागृहात एकटा अपक्ष निवडून आला होता, आणि तो हा सहासष्ट वर्षांचा डॉक्टर.

"तिथून वूस्टर किती लांब?" मी विचारलं.

"चोवीस-पंचवीस किलोमीटर."

मला हसू आलं. चोवीस किलोमीटर! आमच्याकडे चोवीस किलोमीटरवर माणसं तेरवीचं जेवायला जाऊन रात्री परत येतात. चोवीस किलोमीटरसाठी मंत्री पाडतात हे लोक? आमच्या तालुक्याहून जिल्ह्याचा दवाखाना शेहेचाळीस किलोमीटर आहे, आणि आम्ही त्याला 'जवळच तर हाय' म्हणतो.

फोन ठेवल्यावर मात्र झोप लागेना. त्या रात्री मी एक हिशेब केला, जो वीस वर्षांत कधी केला नव्हता.

२००३ चा तान्हा पोळा. बाबांनी दारात आलेल्या पोरांना बोजारा वाटला, एका पोराच्या लाकडी बैलाचं तुटलेलं चाक खिळा ठोकून बसवून दिलं आणि आत येऊन म्हणाले, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय. आमच्या तालुक्याला तेव्हा तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय होतं, नवी इमारत, दर्शनी भागात फरशी. आत भिंतीवर अधिकाऱ्यांचा फलक. त्यावर 'भिषक', म्हणजे फिजिशियन, या शब्दापुढे खडूनं लिहिलेलं: रिक्त. तो शब्द इतकी वर्षं तिथं होता की कुणीतरी त्याभोवती ऑइल पेंटनं चौकट काढली होती. १०८ नंबरची गाडी महाराष्ट्रात यायला अजून दहा वर्षं होती. आमचे डॉक्टर, खाजगीच, पायात चपला न घालता धावत आले, जिभेखाली गोळी ठेवली, आणि स्वतः जीपमध्ये बसले. बाबांचं मनगट त्यांच्या हातात होतं. एका जागी त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाले, "आता हळू चालव." मला त्याचा अर्थ कळायला थोडा वेळ लागला.

ती जागा मला पाठ आहे. रस्त्याच्या डाव्या हाताला बाभूळबन, उजवीकडे पऱ्हाटीचं वावर, पुढे पूल. घरापासून तिथवर चोवीस किलोमीटर झाले नव्हते.

आता आमच्या डॉक्टरांविषयी. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. नागपूरच्या सरकारी मेडिकलमधून एमबीबीएस होऊन १९७३ मध्ये ते आमच्याकडे आले. फी दोन रुपये. मग पाच, मग दहा, २००४ साली वीस. ज्याच्याकडे नाही त्याची वहीत, आणि ज्याची वहीत त्याच्याकडे पुन्हा मागणं नाही. हे असं लिहिलं की माणूस देवाच्या फोटोसारखा दिसायला लागतो, म्हणून सांगतो: भयंकर तापट. विडी पिणाऱ्याला हाकलून देत. दोन दिवसांचं औषध घेऊन तिसऱ्या दिवशी सुई मागणाऱ्याला ऐकवलेल्या शिव्या माझ्या काउंटरपर्यंत यायच्या. अक्षर असं की जिल्ह्यात ते वाचू शकणारा मी एकटा, आणि माझा निम्मा धंदा त्यावरच.

बाबा गेल्यानंतर तीन महिन्यांत अशीच आणखी दोन माणसं त्याच रस्त्यावर गेली. एक बाळंतीण होती. लोकसभेची निवडणूक लागली तेव्हा डॉक्टर एका दुपारी काउंटरवर आले आणि म्हणाले, "उभा राहतो."

मी विचारलं, "कुठे?" मला खरंच वाटलं त्यांना बसायला स्टूल हवंय.

गावातल्या एका वकिलानं त्यांना पहिल्याच दिवशी अडवलं होतं. म्हणाला, डॉक्टर, दवाखाना हा राज्याचा विषय आहे, घटनेत तसंच लिहिलंय, तुम्ही लोकसभेत जाऊन काय करणार? डॉक्टर म्हणाले, "विधानसभेला ऑक्टोबर उजाडेल. तोवर मी माणसं नेत राहू का?" वकिलाचं म्हणणं चूक नव्हतं. टेलर यांच्या देशात सरकारी दवाखाने लंडनच्या आरोग्यमंत्र्याला जाब देतात, त्यामुळे खासदाराला पकडलं की पत्ता बरोबर लागतो. आमच्या डॉक्टरांचा पत्ताच चुकला होता. पण ते दार त्या दिवशी उघडं दिसलं, म्हणून त्यावर धडकले. आजारी माणूस घेऊन आलेला नातेवाईकही असाच कुठल्याही दारावर धडकतो. ते दार एक्स-रेचं निघतं, हा भाग वेगळा.

अपक्षाला दहा सूचक लागतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो. दहा जण एका तासात मिळाले, त्यांतले सहा त्या वेळी दवाखान्यातल्या बाकावर नंबर लावून बसलेलेच होते. डिपॉझिट तेव्हा दहा हजार. १९९६ पर्यंत ते पाचशे होतं. त्या वर्षी आंध्रातल्या नलगोंडा मतदारसंघात ४८० उमेदवार उभे राहिले, कारण तिथल्या पाण्यात फ्लोराइड होतं, पोरांची हाडं वाकत होती, दात पिवळे पडत होते आणि कुणी लक्ष देत नव्हतं. मतपत्रिकेची पोथी झाली, निवडणूक पुढे ढकलावी लागली. त्यानंतर सरकारनं पाण्याचं काय केलं ते नलगोंडावाल्यांना विचारावं, पण डिपॉझिट पाचशेचं दहा हजार झालं. आमच्याकडे झरी-जामणी, पांढरकवड्याच्या बाजूलाही तेच पाणी आहे. तिथले तसे दात मी काउंटरवर रोज पाहतो.

दहा हजार डॉक्टरांकडे नव्हते असं नाही. पण त्यांचं म्हणणं, स्वतःच्या पैशानं उभं राहिलो तर मी हौशी ठरतो. म्हणून काउंटरवर हॉर्लिक्सची रिकामी बरणी ठेवली आणि मी उधारीची वही उलटी करून मागच्या पानापासून नावं लिहायला लागलो. ११, २१, ५१. मी स्वतः १०१. एका बाईनं पाच रुपये आणि शेरभर तुरीची डाळ आणून दिली, तेही तसंच लिहिलं: '५ + डाळ'. आठव्या दिवशी दहा हजार दोनशे झाले. वरच्या दोनशेत पावतीबुकं छापली.

चिन्ह त्यांना स्टेथोस्कोप हवं होतं, मिळाली कपबशी. तीस वर्षं ज्यांनी प्रत्येकाला 'चहा कमी कर' म्हणून झाडलं त्या माणसाच्या पत्रकावर कपबशी! एक म्हातारा तर पत्रक घेऊन दवाखान्यात आला, "डाक्टर, आता तं तुमीच पाजा मंता ना?" डॉक्टर त्या दिवशी पहिल्यांदा हसले. यंत्रावर नाव खालून तिसरं. आधी मोठे पक्ष, मग छोटे पक्ष, मग अपक्ष, ही क्रमवारी ठरलेलीच असते. त्यात आमच्या डॉक्टरांच्याच आडनावाचा आणखी एक अपक्ष त्यांच्या वरच्या बटणावर येऊन बसला होता. तो कुठून आला, कुणी आणला, हे विदर्भात वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

प्रचार म्हणजे त्यांची बजाज स्कूटर, मागे मी, माझ्या मांडीवर औषधांची पेटी. एप्रिलचं ऊन. गावात शिरलं की सभा राहायची बाजूला, पारावर रांग लागायची. कुणाचं पोर, कुणाचा गुडघा, कुणाची सासू. डॉक्टर तपासत बसत आणि मी ओरडायचो, "कपबशी! कपबशी!" एका गावात तर एक जण म्हणाला, "भाऊ, दवा लेहून द्या पह्यले, कपबशीचं मंग पाहू."

निकालात आमच्या तालुक्यातल्या थोड्या केंद्रांवर ते पहिल्या-दुसऱ्या नंबरवर होते. बाकी पाच विधानसभा मतदारसंघांत कुठेच नाहीत. आणि आमच्या तालुक्यातही जेवढं वाटलं होतं तेवढं पडलं नव्हतं. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मिळाली तर डिपॉझिट परत येतं. गेलं.

तालुक्यातलं मत का पडलं नाही, याचं कोडं मला महिनाभर सुटलं नाही. जात होतीच, पैसा होताच, पण ज्यांच्या तीन पिढ्या डॉक्टरांनी पाहिल्या त्यांचं काय? उलगडा एका आजीनं केला. डॉक्टर तिचा रक्तदाब घेत होते, मी तिथेच औषधं द्यायला गेलो होतो. आजी खाली मान घालून म्हणाली, "नाही देल्लं बापा तुमाले मत. आमी कोनीच नाही देल्लं घरातून. तुमी दिल्लीले गेल्ले असते, मंग आमाले कोन पाह्यलं असतं?"

डॉक्टरांच्या हातातला फुगा दाबायचा थांबला. पारा तसाच उभा.

माझ्या मते सगळं यात आलं. टेलर निवडणुकीला उभे राहिले तेव्हा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. त्यांना लंडनला पाठवून किडरमिन्स्टरच्या कुणाचाही डॉक्टर जात नव्हता. तेवीस वर्षांची ओळख शिल्लक होती आणि तपासणी मात्र संपली होती. आमचे डॉक्टर ऐन कामात होते. लोकांनी त्यांना नाकारलं ते प्रेमापोटी नाही म्हणणार मी, स्वार्थापोटीच. पण असा स्वार्थ वाट्याला यायलाही काही करावं लागतं.

दुसरी गोष्ट आकड्याची. टेलर यांचा मतदारसंघ सत्तर-बहात्तर हजार मतदारांचा. एका दवाखान्यात तेवीस वर्षं बसलेल्या माणसाला तेवढ्यातलं जवळजवळ प्रत्येक घर ओळखत असणार. विदर्भातला लोकसभेचा कोणताही मतदारसंघ घ्या, आज सोळा लाखांच्या वर मतदार. एवढ्यांची नाडी कोणता डॉक्टर पाहील? आणि टेलर एकटे नव्हते, हे भाचीनं पाठवलेलं वाचताना लक्षात आलं. त्यांच्या 'हेल्थ कन्सर्न' या स्थानिक पक्षाच्या माणसांनी आधी स्थानिक नगर परिषदेत जागा जिंकल्या होत्या. लिबरल डेमोक्रॅट पक्षानं २००१ मध्ये त्यांच्यासाठी उमेदवारच दिला नाही. आमच्याकडे कुणी माघार घेतली नाही, उलट एक आडनावबंधू वाढला.

अपक्ष खासदार विदर्भाला नवा नाही. वणीचे बापूजी अणे १९६२ मध्ये नागपुरातून अपक्ष निवडून गेले, वय एक्क्याऐंशी. वेगळ्या विदर्भाची मागणी घेऊन गेले. विदर्भ वेगळा झाला नाही. माझे आजोबा त्यांच्या सभेला बैलगाडीनं गेल्याचं सांगायचे आणि सभेत काय बोलले यापेक्षा बैल कोणते होते याचंच वर्णन जास्त करायचे. पूर्वी लोकसभेत अपक्ष बरेच असत, पहिल्या लोकसभेत तर तीन डझन. २०१९ मध्ये सगळ्या देशातून चार आले, २०२४ मध्ये सात. त्यांतले बरेच मूळचे पक्षाचे, तिकीट कापलेले किंवा कुणाच्या पाठिंब्यावर आलेले. निव्वळ दवाखान्याच्या बाकावरून उठून गेलेला मला तरी कुणी दिसला नाही.

टेलर यांचं पुढे काय झालं, हे मी भाचीला तीन-चार फोनमध्ये विचारत राहिलो. ती वैतागली. "मामा, तुम्हाला मॅचचा स्कोअर हवाय का?" हवाच होता. ते संसदेच्या आरोग्य समितीवर बसले, दोन्ही मुदती. २००५ मध्ये पुन्हा निवडून आले, पण आघाडी १७,६३० वरून ५,२५० वर आली. २०१० मध्ये पडले, २,६४३ मतांनी, ज्यांना मागच्या वेळी हरवलं त्याच मार्क गार्निये यांच्याकडून. त्या वेळी लिबरल डेमोक्रॅटांनीही उमेदवार दिला होता. नंतर ऐंशीच्या घरात असताना, २०१५ मध्ये, ते पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा पडले. वूस्टरचं नवं इस्पितळ २००२ मध्येच सुरू झालं होतं. किडरमिन्स्टरला किरकोळ जखमांचं युनिट राहिलं, ठरवून करायची ऑपरेशनं राहिली. बंद झालेली कॅज्युअल्टी उघडली नाही.

म्हणजे ज्यासाठी पाठवलं ते झालं नाही, आणि तरी चार वर्षांनी पुन्हा पाठवलं. हे कळल्यावर मला त्या गावाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. तोवर ते निव्वळ गोऱ्यांचं गाव होतं.

आमच्या डॉक्टरांनी पडल्यानंतर काय केलं, ते भाचीलाही माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नाही, कारण ते माझ्या वहीत आहे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते काउंटरवर आले आणि म्हणाले, मागचं पान दाखव. नावं वाचत राहिले. मग म्हणाले, "लोकांचे दहा हजार बुडवले मी." मी म्हटलं, वर्गणी होती, उसनवारी नव्हती. ऐकायचेच नाहीत. वही घेऊन गेले आणि नावं एका कागदावर उतरवून घेतली. त्यानंतर त्या यादीतलं कुणी तपासायला आलं की फी घेत नसत. एकवीस रुपये देणाऱ्याची एक खेप आणि वर एक रुपया, तो गोळ्यांतून वळता. एक्कावन्नवाल्याच्या अडीच खेपा. अर्धी खेप म्हणजे काय, हे त्यांनी मला समजावून सांगितलं होतं, नुसतं बीपी पाहणं म्हणजे अर्धी. फिटलं की संध्याकाळी घरी जाताना काउंटरवर थांबायचे, "तो अमक्या गावचा, मार टिक." मी टिक करायचो. फी पुढे तीसची पन्नास झाली, हिशेब मात्र वीसनंच चालू राहिला. डाळवालीचं काय करायचं यावर दोन दिवस विचार केला आणि तिच्या नातवाचा गोवर फुकट पाहिला.

वर्षानुवर्षं हे चाललं. २०१७ चा पावसाळा आठवतो. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो जण दवाखान्यांत होते. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि फवारा वाऱ्यानं तोंडावर येत होता. एका सकाळी एकाला बैलगाडीतून आणलं. तोंडाला फेस, अंग घामानं निथळत, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टर एकाहत्तर वर्षांचे. आधी अंगावरचे कपडे काढायला लावले, साबणानं स्वतः धुतला त्याला अंगणात, ॲट्रोपिनची शेवटची पेटी माझ्याकडून नेली, सुया देत राहिले आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत हलले नाहीत. मग गाडी बोलावून पुढे पाठवला. रेफर केलंच. चिठ्ठीवर किती ॲट्रोपिन कधी दिलं ते मिनिटासकट लिहिलं, आणि त्यांच्या आयुष्यातलं ते एकच सुवाच्य अक्षर असावं. माणूस वाचला. रात्री दुकान बंद करताना डॉक्टर आले, हाताला अजून औषधाचा वास. म्हणाले, "एकवीस होते त्याचे. फिटले."

आता त्यांनी दवाखाना बंद केला आहे. गुडघे गेले. सकाळी काठी टेकत बसस्टँडपर्यंत येतात, माझ्याकडे पेपर वाचतात. ग्रामीण रुग्णालयात भिषक अधूनमधून येतो, अधूनमधून जातो. फलक आता डिजिटल आहे, त्यावर 'रिक्त' लाल अक्षरांत सरकत जातं.

गेल्या महिन्यात मी त्यांना टेलर यांची सगळी गोष्ट सांगितली. आकड्यांसकट. मला वाटलं मतांचा आकडा ऐकून काही म्हणतील. पेपर खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कॅज्युअल्टी उघडली का पण?"

"नाही."

"हं." मग बऱ्याच वेळानं, "सांध्यांचा डॉक्टर होता म्हणतोस? मग माझे गुडघे पाहिले असते त्यानं."

त्यांनी वही मागितली. ती आता फाटलेली, पाठीला चिकटपट्टी. मागच्या पानावरून बोट फिरवत गेले. जवळजवळ सगळ्या नावांपुढे टिक. काही नावांपुढे टिक नाही पण रेघ मारलेली, ती माणसं आजारी न पडताच गेली, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे त्यांच्याकडे यायच्या आधीच गेली. बोट एका नावावर थांबलं.

"तुझे एकशे एक राहिलेत."

मी म्हटलं, डॉक्टर, मी कशाला येऊ तुमच्याकडे, गोळ्या माझ्याच दुकानात.

"म्हणूनच तुझं वजन असं झालंय," ते म्हणाले. "बीपीचं मशीन काढ. शर्टाची बाही वर कर. बस इथं."

समोर दोन गिऱ्हाईकं चिठ्ठी धरून उभी होती. मी बसलो. त्यांचा हात थोडा थरथरतो आता, पण फुगा दाबताना थरथरत नाही. पारा वर गेला, सावकाश खाली आला. त्यांनी आकडा सांगितला नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि पेन मागितलं.

"अर्धी खेप," ते म्हणाले. "एक्क्याण्णव राहिले."